मासळीचे वाटे आणि पंधराचा चौरस

मी शिकलो तो माझ्या वहिनीमुळे. सातपाटीहून डोक्यावर टोपली घेऊन ती पालघरच्या बाजारात मासळी विकायला जायची आणि त्यातून माझी कॉलेजची फी भरायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी.

तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. तिथे मी कारकून होतो, राहायला बोईसरला. त्याच सुमारास माझा भाऊ समुद्रावरून परतला नाही. त्याचे दिवसकार्य झाल्यावर वहिनीने आपली आठ वर्षांची मुलगी माझ्या खोलीवर आणून सोडली. वडील गेल्यापासून पोरीने पाटीला हात लावला नव्हता.

"भावोजी, एक महिना बघा," वहिनी म्हणाली. "नाय शिकली तर परत आना. बोंबील टांगायला बी. ए. लागत नाय."

तीन आठवडे गेले. मुलगी सांगितलेलं करायची, बोलायची नाही. मलाही जेवण, झोप, कामाची घंटा, एवढंच कळायचं.

एका रविवारी मी पाटीवर नऊ घरांचा जादूचा चौरस काढला. "एक ते नऊ आकडे भर. आडवी, उभी, तिरपी, कुठलीही ओळ मिळवली की पंधरा आले पाहिजेत." मग बेरीज, भागाकार करून समजावत राहिलो. ती खिडकीबाहेर बघत होती.

मी गप्प झाल्यावर तिने पेन्सिल घेतली. चौरसाबाहेर नवाखाली एक लिहिला, आठाखाली दोन, साताखाली तीन, सहाखाली चार.

"हे काय?"

"वाटे. मोठ्यासंगती बारीक. नायतर गिऱ्हाईक भांडतं. आई असंच लावते."

प्रत्येक वाटा दहाचा होता. पाच उरला.

"याला कोन नाय," ती म्हणाली आणि तो मधल्या घरात लिहिला. वाटे त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर मांडले. तीनदा पुसलं. चौथ्यांदा जमलं.

"काका, तुमाला एवढंबी येत नवतं?"

मला आनंद व्हायला हवा होता. मी ओळी पुन्हा मिळवून पाहिल्या, चहा केला, पोस्टकार्ड घेतलं. सवयीने 'सौ. वहिनीस' लिहून गेलो. ते कार्ड बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं.

"ती. वहिनीस सा. नमस्कार. मुलीने आज पाटी धरली आणि एक अवघड गणित सोडवलं. मी शिकवलेलं नव्हे, तुमच्या वाट्यांवरून तिला सुचलं. तिला परत आणत नाही. पत्र शेजाऱ्यांकडून वाचून घ्या. खाली चौरस काढला आहे. बाजारातून आलात की मिळवून बघा. कुठल्याही बाजूने पंधराच येतात."