उंबऱ्याच्या आतले बूट

आमच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका द्वारकाबाई यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आम्ही शिक्षिका त्यांना ‘मोठ्या बाई’ म्हणतो, म्हणून इथेही तेच म्हणते. त्यांच्या विद्वत्तेवर आणि शिस्तीवर या गौरवग्रंथात लिहिणारे पुष्कळ आहेत. मी बुटांवर लिहिणार आहे. ते त्यांना फारसे रुचणार नाही, पण या वेळी लेख तपासायला त्यांच्याकडे जाणार नाही, हे एक बरे आहे.

त्यांची माझी पहिली भेट नोकरीच्या निमित्ताने झाली. केमहून, म्हणजे माझ्या गावाहून, सकाळच्या गाडीने सोलापुरात उतरून मी शाळेपर्यंत चालत गेले होते. मोठ्या बाईंनी माझा दाखला वाचला आणि मग ओसरीत काढून ठेवलेल्या माझ्या वहाणांकडे पाहिले. दोन्ही आतल्या अंगाने पार झिजल्या होत्या.

“पाय दुखतात का तुमचे?” त्यांनी विचारले.

“न्हाई,” मी म्हटले. घाबरले की माझे केम अजूनही बाहेर पडते.

“बसा आधी. नाही म्हणायचं ते बसून म्हणा.”

माझे तळवे जन्मापासून सपाट. तासभर उभी राहिले की घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कळा येत. शिक्षिकेने उभे राहूनच शिकवावे असा शाळेचा दंडक होता, आणि पहिले वर्ष मी उमेदवारीवर होते. उभे राहणे जमले नाही तर नोकरी गेली आणि मी परत केमला आईजवळ. वडील नव्हते, आमचे दोघींचे पोट त्या नोकरीवरच होते.

हे कळल्यावर मोठ्या बाई मला स्वतः पुण्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी माझ्या तळव्यांच्या मापाने बुचाच्या आणि चामड्याच्या दोन गाद्या करून दिल्या. मधे उंचवटा, टाचेला खळगा. त्यावर पाय ठेवून उभी राहिले आणि पहिल्यांदा वाटले, जमीन आपल्या बाजूची आहे.

पण गादी घालायची कशात, हे मला कुठे ठाऊक होते? मी ती वहाणेत ठेवून सुतळीने बांधली. भर बाजारात सुतळी सुटली, गादी टांग्याच्या चाकाखाली जाता जाता वाचली आणि मुलींची हसून पुरेवाट झाली. मग मी निमुळत्या चवड्याचे छानसे पंपशू आणले. गादी आत घातली तर टाच बाहेर, टाच आत कोंबली तर बोटे एकमेकांवर.

“गादी आधी आणि बूट मागून घ्यायचा असतो, सुंदरा,” मोठ्या बाई म्हणाल्या. एव्हाना मी त्यांची ‘अगं सुंदरा’ झाले होते.

मोठ्या बाईंचे घरचे सोवळे कडक. चामड्याला हात लावणे त्यांना चालत नसे. म्हणून दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून त्यांनी फर्मान सोडायला सुरुवात केली. आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो होतो, कारण दिवसभर वापरलेला पाय थोडा फुगतो आणि बूट त्या पायाला बसायला हवा. दुकानदाराने आतले अस्तर काढावे, म्हणजे गादी सपाट बसेल. टाचेची भिंत अंगठ्याने दाबून पाहावी, ती मऊ नको. बूट चवड्यापाशी वाकावा, मधेच मोडू नये. नाडीचाच हवा.

दुकानदार घामाघूम झाला. “बाई, ह्यो तर बाप्याचा बूट हाय की. लोक लई हसतील.”

“हसू देत. त्यांचे पाय नाही दुखत,” मोठ्या बाई म्हणाल्या. दोन्ही बुटांत गाद्या घालून मला दुकानात येरझाऱ्या घालायला लावल्या. टाच उचलत नाही, बोटांना जागा आहे, हे माझ्या तोंडून वदवून घेतल्यावरच त्या पायरीवरून हलल्या.

एवढे झाले तरी खरी अडचण पुढेच होती. आपल्याकडे पादत्राणे उंबऱ्याबाहेर. वर्गावर्गात सरस्वतीची तसबीर. मी रस्ताभर सुखाने चालत यायची, ओसरीत बूट काढायची आणि दिवसभर उभे राहायचे ते पुन्हा अनवाणी. वर्ष सरत आले तेव्हा मी भिंतीला टेकून शिकवते अशी तक्रार शाळा चालवणाऱ्या मंडळाकडे गेली.

मोठ्या बाईंनी तसाच दुसरा जोड आणवला आणि मंडळाच्या बैठकीत सांगितले, की हा जोड रस्ता कधीच पाहणार नाही, फक्त वर्गात वापरला जाईल. मंडळातले एक वकील जुन्या वळणाचे. ते म्हणाले, “बाहेर जाणार नाही याची हमी कोण देणार?”

“मी. माझ्या कपाटात राहतील. रोज मी देईन आणि रोज मीच ठेवीन.”

वकीलसाहेबांनी हरकत मागे घेतली. मोठ्या बाईंचे सोवळे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. मी कायम झाले.

तेलुगू विणकरांच्या गल्लीत त्यांचीच भाषा मोडकीतोडकी बोलत मोठ्या बाई शाळेसाठी मुली मागत हिंडल्या. आयांना त्यांच्या तेलुगूचे हसू आवरेना, पण मुली शाळेत आल्या. त्यातल्या कित्येकींना मी अंकगणित शिकवले, उभी राहून. आणि इतकी वर्षे रोज सकाळी मोठ्या बाई कपाट उघडून बूट माझ्या पुढ्यात ठेवत आल्या आहेत. मी आपली म्हणायची, दिलेला शब्द पाळतात.

परवा या लेखासाठी त्यांच्या भावजयीकडे गेले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “वन्सं शाळेतून आल्या की थंडी असो, ताप असो, पुन्हा आंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी येत नाहीत. तुमचे ते बूट त्यांच्या कपाटात आल्यापासून.” मला पुढे चहा घेववेना. तशीच मोठ्या बाईंकडे गेले आणि विचारले, “बाई, मला कधी बोलला का नाहीत?”

“दोन तांबे पाण्याचं काय बोलायचं?” त्या म्हणाल्या. “तू दिवसभर उभी असायचीस.”

मला तिथेच रडू आले. ते त्यांना आवडले नाही.

मोठ्या बाईंना उदंड आयुष्य लाभो आणि ते निरोगी असो. आता त्यांचे गुडघे कुरकुरतात, खाली बसल्या की उठताना त्रास होतो. त्यांनी खुशाल बसावे, हवे तितके बसावे. उठावेसे वाटेल तेव्हा एक हाक मारावी. माझे पाय आता भक्कम आहेत.