दाराखालची फट

बंद दाराच्या दोन बाजूंना बसून आमचे दोन्ही कुत्रे खालच्या फटीतून एकमेकांचा वास घेत असतात. एका ताटात जेवलं की माया वाढते, असं आईचं म्हणणं. म्हणून तिने राजा आणि टिप्याला एकाच परातीत दूधभाकरी घातली आणि टिप्याचा कान फाटला. डॉक्टर म्हणाले, "वेगळ्या खोल्यांत जेवायला द्या, मधलं दार लावून घ्या." तेव्हापासून भांडण नाही.

"बघ, किती शहाणे झाले," आई म्हणते. कसले शहाणे.

दादाला आणि मलाही तिने एकाच ताटात भरवलं होतं. घराच्या वाटण्या झाल्यापासून तो वरच्या मजल्यावर राहतो. आमच्यातही आता भांडण होत नाही. त्याच्याकडे आज काय शिजलंय, ते मला जिन्यातल्या वासावरून कळतं.