पडद्याच्या कडेचा माणूस

माझ्या रूममेटचं समाधान करील असा सिनेमा अजून जगात कुणी काढलेला नाही, आणि उद्या कुणी काढलाच तर तिला फार वाईट वाटेल. अहिल्यानगरच्या मुलींच्या होस्टेलात आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. मी पारनेरकडची, ती देवळाली प्रवराची, दोघी पत्रकारिता शिकायला आलेल्या. पहिल्याच महिन्यात तिनं आमच्या विभागाच्या भित्तिपत्रकात एका गाजलेल्या प्रेमपटावर लेख लावला. त्यात नायक-नायिकेचा उल्लेखसुद्धा नव्हता. सगळा लेख नायिकेच्या घरी चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या बाईवर होता. तिला नाव का नाही, ट्रे ठेवून ती कुठं जाते, तिला घर आहे का, आणि असेल तर तिथं कॅमेरा का जात नाही? सरांनी खाली शेरा मारला, 'कथानक लिहा.' हिनं त्या शेऱ्याखाली लिहिलं, 'कुणाचं?'

तिच्याबरोबर सिनेमाला जाणं ही शिक्षाच होती. सगळं थिएटर नायकाकडे बघत असायचं आणि ही मला कोपरानं ढोसून पडद्याच्या कडेला बघायला लावायची. "त्यो बघ, छत्री धरून हुबा हाय. मघाशी लग्नातबी ह्योच हुता." नायिका उसाच्या फडात गाणं म्हणत पळायला लागली की ही चारचौघांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडायची, "अगं बाई, पाचट कापंल की अंगाला!" मागून शुक्‌शुक् व्हायचं, आणि मध्यंतरात ही वडापाव खात त्याच शुक्‌शुक् करणाऱ्यांशी वाद घालायची. बोलणं असं, पण लिहायला बसली की 'प्रतिनिधित्वाचे राजकारण' आणि 'अस्मितेचे दृश्यव्याकरण'. वाचणाऱ्याला धाप लागायची. असं का लिहितेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "साधं लिवलं की सर मार्क कापत्यात."

हळूहळू तिच्याबरोबर यायला कुणी तयार होईना. मैत्रिणी तिला न सांगता सिनेमाला जायच्या आणि तिला ते बरोबर कळायचं. मग ती दुपारच्या खेळाला एकटीच जायची, आणि आल्यावर मला सगळा सिनेमा सांगायची, म्हणजे कडेचा. मला तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी जीवही तुटायचा. थोडं गोड बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं वाटायचं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका सिनेमावर निबंध वाचायचा होता. तिनं निवडलेला सिनेमा कुणी ऐकलासुद्धा नव्हता. पाटील, घोडा आणि गरीब गावकरी असला तो प्रकार. कॉलेजातून आली की ती मोबाईलवर त्यातला एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावायची आणि कागद कोरा ठेवून उठायची. एकदा मी विचारलंच, तेव्हा तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. पाटील घोड्यावरून येतो, सगळा गाव जमिनीपर्यंत वाकतो. कडेला एक माणूस मात्र वाकत नाही. दोन्ही हातांनी धोतर धरून तो तसाच उभा राहतो.

"माझे पप्पा हायेत," ती म्हणाली.

ते शिंपीकाम करायचे. मुंबईहून गावात शूटिंग आलं तेव्हा गर्दीत उभं राहायला म्हणून त्यांनी स्वतःसाठी नवा शर्ट शिवला. बुद्धविहारात जाताना घालायचे तसा, पांढरा, कडक इस्त्रीचा. शूटिंगवाल्यांनी तो उतरवला. गावकरी असा नसतो म्हणाले, आणि फाटकं धोतर दिलं. पप्पांनी जन्मात धोतर नेसलेलं नव्हतं, त्यामुळे तेही त्या मुंबईच्या माणसांनीच नेसवलं.

"लई हसलो आमी घरी. पप्पा म्हनले, ऐन टायमाला गाठ सुटली, म्हून वाकता आलं न्हाई." तिनं मोबाईल परत घेऊन तो प्रसंग पुन्हा लावला. "पन पप्पा कुनाम्होरं वाकायचे न्हाईत. कवाच न्हाई. मग खरंच सुटली हुती, का त्यांनी निमित्त केलं?"

विचारायला पप्पा उरले नव्हते; ती बारावीत असतानाच ते गेले. घरात त्यांचे फोटो होते, पण हलणारे पप्पा तेवढेच. "ह्यो सिनेमा खोटा हाय, असंच लिवाया पायजे. पन त्यात पप्पा हायेत. त्यांना कसं खोटं म्हनू?"

निबंधाच्या दिवशी ती कागदाशिवायच उभी राहिली. एकही जड शब्द न वापरता तिनं तो प्रसंग लावला, कडेच्या माणसावर बोट ठेवलं आणि ही हकीकत आपल्या बोलीत सांगितली. सर म्हणाले, "हा विरोधच आहे, तसं स्पष्ट मांडा." मागून एकजण म्हणाला, "कसला विरोध? एडिटिंगमध्ये राहून गेलंय ते." आता ही त्याला सोडणार नाही, म्हणून आम्ही सावरून बसलो. ती एवढंच म्हणाली, "मला म्हाईत न्हाई," आणि खाली बसली. तिला वादात गप्प बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता ती कोपरगावला नोकरी करते आणि मी अहिल्यानगरलाच आहे. परवा मी एकटीच सिनेमाला गेले होते. नायक काहीतरी महत्त्वाचं बोलत होता, आणि मागं दारात एक म्हातारी गप्प उभी होती. माझं कोपर आपोआप शेजारी गेलं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी मोबाईलवर तो जुना प्रसंग लावला आणि मग तिला फोन केला. थिएटरच्या पायऱ्यांवर मोबाईल बघत बसलेय, म्हणून सांगितलं.

"काय बघत हुतीस?"

"तुझे पप्पा."

 तिनं हळूच विचारलं, "अजून हुबे हायेत का?"

"आहेत," मी म्हणाले.