ताईचा कॉम्प्युटर आणि फोरमनचा पहारा

फोरमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचं हे नाव काही निवृत्त झालं नव्हतं. कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं खातं त्याच्याकडे होतं आणि तिथला एक नियम तो घरी घेऊन आला होता: चालत्या मशीनला उगाच हात लावायचा नाही. पंखा कुरकुरतोय ना, कुरकुरू दे. फिरतोय तोवर त्याच्या वाटेला जायचं नाही. अशा माणसाच्या घरात, कुणाला न विचारता स्वतःला बदलून घेणारा कॉम्प्युटर येऊन बसावा, हा नशिबाचा खट्याळपणाच म्हणायचा.

कॉम्प्युटर होता त्याच्या थोरल्या बहिणीचा. ताईने लग्न केलं नव्हतं आणि फोरमनची बायको जाऊन बराच काळ लोटला होता, त्यामुळे घरात ही दोघंच. ताई छापखान्यात मुद्रितं तपासायची. सहा वर्षांपूर्वी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा, एवढंच तिच्या ताब्यात राहिलं. बुद्धी मात्र होती तशीच, तल्लख आणि तिखट.

त्या अंगठ्याखाली एक मऊ बटण बसवलेलं होतं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जायच्या. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. वाक्य पुरं झालं की कॉम्प्युटर ते बाईच्या आवाजात म्हणून दाखवायचा. ताईचं छापखान्यातलं वळण इथेही सुटलं नव्हतं. साधं पाणी मागताना वेलांटी चुकली, तरी घसा कोरडा पडलेला असताना ती मागे जाऊन दुरुस्त करायची. फोरमनला तेवढा धीर कुठला? पहिला शब्द पडद्यावर आला की उरलेलं वाक्य हा बोलून मोकळा. "खिडकी? लावतो, लावतो." बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघायचा, आणि म्हणूनच ती खोड त्याच्या हाडीमासी खिळली होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कॉम्प्युटर उघडला तर पडदा निळा, मधोमध फिरणारं चक्र आणि 'अपडेट सुरू आहे, बंद करू नका' अशी ताकीद. दुपारी चक्र थांबलं. अक्षरं आली, ओळी उजळू लागल्या, पण नव्या व्यवस्थेला ताईचं बटण ओळखू येईना. ताई दाबत होती आणि पडदा आपला ढिम्म. दुकानातला कॉम्प्युटरवाला गावाला गेलेला. तो परत येईपर्यंत आठवडा गेला आणि त्या आठवड्यात ताईला काहीतरी दुखायला लागलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. फोरमनने ठरवून टाकलं की पोट असणार. त्याने पोट शेकलं, पोटाचं औषध दिलं, डॉक्टरांनाही छातीठोकपणे पोटच सांगितलं. बटण चालू झालं तेव्हा ताईचा पहिला शब्द आला, "दाढ". तोवर गाल आतून सडला होता.

त्या दिवशी फोरमनने कानाला खडा लावला. कॉम्प्युटरवाल्याकडून त्याने अपडेट थोपवण्याच्या सगळ्या युक्त्या शिकून घेतल्या. अपडेट काही आठवडे पुढे कसं ढकलायचं, मुदत सरायच्या आत पुन्हा कसं ढकलायचं, इंटरनेट मोजूनमापून मिळतं असं कॉम्प्युटरला कसं भासवायचं, म्हणजे तो परस्पर काही उतरवून घेत नाही. एवढं करूनही त्याचा जीव थाऱ्यावर येईना. शेवटी त्याने इंटरनेटची वायरच उपटली आणि कपाटात टाकून किल्ली कमरेला लावली. "आता कोण येतंय बघू!" तो म्हणाला, जणू दाराशी चोर उभा होता. मग कॉम्प्युटर कधी कुरबुरला नाही. फक्त बाहेरून कुणाचं काही येत नव्हतं आणि ताईचं काही बाहेर जात नव्हतं. फोरमनच्या ते लक्षातही आलं नाही.

रुग्णालयातून एक बाई अधूनमधून ताईला बघायला यायच्या. वाचा गेलेल्यांना बोलतं करण्याचं त्यांचं काम. यंदा आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की ताईच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे आणि तिच्यातून थेट निरोप पाठवता येतात. पण त्यासाठी इंटरनेट लागेल आणि इतक्या दिवसांची तुंबलेली अपडेट्स आधी घालावी लागतील.

"नको," फोरमन म्हणाला. "आहे हे छान चाललंय."

"ताईंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? बहीण आहे माझी."

ताईचा अंगठा हलायला लागला होता. पडद्यावर 'मला' एवढा शब्द आला.

"मला आहे तेच बरं, असं म्हणतेय बघा," फोरमनने सांगून टाकलं.

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने डोळे मिटून घेतले होते.

बाई गेल्या. संध्याकाळी फोरमनने सूप हवं का विचारलं तर पडदा कोरा. त्याने बटणाची वायर तपासली, बटण स्वतः दाबून पाहिलं, सगळं ठणठणीत. मग त्याचं लक्ष ताईच्या अंगठ्याकडे गेलं. तो बटणावरून बाजूला सरकवलेला होता. त्याने तो उचलून जागेवर ठेवला. ताईने पुन्हा सरकवला. मशीन चालू होतं, कामगारच संपावर गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा आपणहून बटणावर आला. पडद्यावर उमटलं, "खुर्ची घे. माझं संपेपर्यंत बोलू नकोस."

फोरमन खुर्ची ओढून बसला. ओळी उजळत होत्या, विझत होत्या. दोनदा वाक्य त्याच्या ओठांवर आलं आणि दोनदा त्याने ते गिळलं. चहा निवून गेला. एका ठिकाणी ताईची वेलांटी चुकली, ती मागे गेली, तिने ती दुरुस्त केली आणि पुढे निघाली. फोरमन बसून राहिला. अखेर कॉम्प्युटर बोलला.

"सहा वर्षांत माझा एकही शब्द तुझ्या कानाला चुकवून गेला नाही. मला छापखान्यातल्या मैत्रिणीशी बोलायचं आहे. तू नसताना. मला तुझी तक्रार करायची आहे. ती तुझ्याकडेच कशी करू?"

फोरमनला हे लागलं, चांगलंच लागलं. एवढं केलं ते काय हे ऐकायला, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"आणि बटण पुन्हा बंद पडलं तर?" त्याचा आवाज चढला. "दाढ विसरलीस?"

अंगठा हलला. या वेळी उत्तर लवकर आलं.

"दाढ माझी होती."

इतके दिवस ती दाढ तो स्वतःचीच समजून कुरवाळत बसला होता.

त्याने बाईंना फोन केला. बाई आल्या आणि म्हणाल्या की कॉम्प्युटरला हात लावण्याआधी बटणाविना बोलायची सोय करून ठेवू. फोरमनने ताईच्या डोक्यापासून सुरुवात करायची, एकेका अवयवाकडे बोट दाखवायचं आणि थांबायचं. दुखत असेल तिथे ताई डोळे मिटेल. सराव करून पाहताना ताईने डोकं झालं, कान झाले, मान झाली तरी डोळे उघडे ठेवले आणि खांद्याशी मिटले. फोरमनने बोट मागे घेतलं. दाढेच्या वेळीही हे करता आलं असतं. डोकं, कान, गाल; तिसऱ्याच ठिकाणी सापडली असती. त्या आठवड्यात बटण बंद होतं हे खरं, पण विचारायचं बंद केलं होतं ते त्याने. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

कपाटातून वायर निघाली. कॉम्प्युटरवाल्याने सगळी कुलुपं काढली, थोपवलेली अपडेट्स येऊ दिली. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, कॉम्प्युटर आता बंद करून पुन्हा सुरू करायचा का. कॉम्प्युटरवाल्याचा हात पुढे झाला तसा फोरमन म्हणाला, "थांबा. ते तिचं आहे." कॉम्प्युटरवाल्याने ताईचं बटण त्या प्रश्नाला जोडून दिलं. ताईने दाबलं आणि पडदा काळा झाला.

फोरमनची भीती अगदीच पोकळ नव्हती. पडदा आला, पण बटण रुसलंच. कॉम्प्युटरवाला डोकं खाजवत दुसरा प्रोग्रॅम आणायला गेला आणि ताई दोन दिवस मुकी राहिली. त्या दोन दिवसांत फोरमन डोक्यापासून पायांपर्यंत बोट नेत होता आणि प्रत्येक ठिकाणी थांबत होता. एकदा टाचेशी डोळे मिटले. चादरीची घडी रुतत होती, एवढंच. त्याने ती काढली. तिसऱ्या दिवशी बटण चालू झालं, निरोपही जाऊ लागले आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

एका दुपारी तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता. खोलीतून आवाज नव्हता. त्याने हात पुसले आणि दाराशी आला. ताई लिहीत होती, कॉम्प्युटर काहीच म्हणून दाखवत नव्हता. अक्षरं मोठी होती, दारातूनही सहज वाचता आली असती. पहिल्या ओळीत त्याला 'फोरमन' एवढं दिसलं. पुढचं वाक्य काय असेल ते त्याच्या ओठांवर आलंच होतं.

त्याने पाठ फिरवली आणि दार ओढून घेतलं. तो परत नळाशी पोचतो न पोचतो तोच ताई हसली, श्वास अडकून अडकून, खूप वेळ. कशाला हसली ते फोरमनने तिला कधीच विचारलं नाही.