मावसाजींचा दोर

दोरावर अजिबात विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या नागपूर जिल्ह्यात एकच झाला: माझे मावसाजी. कारण आमच्याच घरातलं होतं. बाबा आणि मावसाजी काटोलकडच्या संत्र्यांच्या बागांतल्या विहिरींचा गाळ काढत. बाबा खाली उतरत, मावसाजी वर दोर धरत. एका उन्हाळ्यात मालकाने दिलेला जुना दोर तुटला. बाबा वाचले, पण एक पाय कायमचा गेला. मग आईने धरमपेठेत भांडी घासून आम्हाला जगवलं, आणि मावसाजींनी जगातला प्रत्येक दोर तपासायला घेतला.

नागपूरच्या इतवारी बाजारात ते दोराचा आधी वास घेत, पीळ उलगडून पाहत आणि मग दुकानदारालाच म्हणत, "शेटजी, जरा लटकून दाखवा." काटोलच्या बसच्या टपावर चढून संत्र्यांच्या टोपल्या पुन्हा बांधत, खाली कंडक्टर घंटी वाजवून वाजवून थके. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी मांडवाचा दोर ओढून पाहिला, तर मांडव वरातीवरच आला. कापडाखालून यांचा विजयी आवाज, "पाहा! म्या म्हटलं नव्हतं, कच्चा हाय म्हून?"

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या आमच्या सात जणांच्या हायकिंग ग्रुपने सातपुड्यातल्या एका घळीत उतरायचं ठरवलं. वाटेत तीन धबधबे, तिन्ही दोरावरून उतरायचे. आई म्हणाली, "दोरानं घरातलं एक माणूस बसवलं, तेवढं पुरे नाही का वं? मावसाजी हो म्हणतील तं जाय."

मावसाजी धोतर सावरत कॉलेजात आले. आम्हाला घेऊन जाणाऱ्या सरांनी नायलॉनचा दोर दाखवला.

"हा तं साडीचा दोर दिसून राहिला, सर!"

तो दोर त्यांनी आठ दिवस घरी ठेवला. भिजवला, वाळवला, त्याला ओल्या गाळाच्या दोन बोऱ्या टांगल्या. मग आम्हा सातही जणांना ओळखीच्या बागेतल्या विहिरीवर नेलं आणि पाणी उपसायच्या इंजिनाच्या पाइपचं तोंड विहिरीत वळवलं. "हे घ्या. डोक्यावर पानी, पायाखाली शेवाळ. धबधब्यात आणखी का असते?"

नियम एकच, गाळ काढणाऱ्यांचा: उतरणाऱ्याने 'वर कोण?' विचारायचं आणि त्याच्या कमरेला बांधलेला दोर वर धरणाऱ्याने नाव सांगितल्याशिवाय काठ सोडायचा नाही. पहिल्यांदा सर म्हणाले, "अरे, मीच आहे."

"मीच म्हंजे कोण? विहिरीले नाव सांगा, सर!"

माझी पाळी आली तेव्हा मावसाजींनी सरांच्या हातून दोर स्वतःकडे घेतला. मी विचारलं, "वर कोण?" पुन्हा विचारलं. मान वर करून पाहिलं, तर त्यांचे हात आठ दिवस तपासलेल्या त्याच दोराचा पीळ पुन्हा पुन्हा चाचपत होते. तेव्हा लक्षात आलं, बाबांच्या अपघातानंतर त्यांनी दोर हजार तपासले होते, पण माणसासाठी एकही धरला नव्हता.

माझेही हात काठावरून सुटेनात. मग त्यांनी दोराला एक हिसका दिला आणि आवाज आला, "तुहा मावसा हाय, वं. उतर."

मी उतरले. वर आले तेव्हा ते इंजिन बंद करायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभे होते. त्या संध्याकाळी आईला एवढंच म्हणाले, "जाऊ दे तिले."

घळीत ते आले नाहीत. धबधब्याच्या माथ्यावर सरांनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गावसुद्धा ओरडून सांगितलं.

मावसाजी जाऊन बरीच वर्षं झाली. कपडे वाळत घालण्याआधी मी अजून दोरीला एक हिसका देते. पुढे मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले, त्याचा अभिमान आहेच. पण त्याआधी त्या घळीतले तिन्ही धबधबे मी उतरले होते. पोटासाठी नाही, हौसेने दोरावरून उतरलेली आमच्या घरातली मी पहिली.