शेवाळ फरशीवर सांडलं तेव्हा

दादानं माझी बॅग अंगणात भिरकावली आणि मला केसांना धरून उंबऱ्यावर आपटलं. त्यानं ठरवलेलं लग्न मोडून मी पुण्याला पीएचडीला निघाले होते. आई मध्ये पडली, तर त्यानं तिचा हात पिरगाळला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी परत वळले, तेव्हा जमिनीवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "तू जाय. माह्याकडं पाहू नको." गोंदियाहून सुटलेल्या गाडीत मी ओढणीनं ओठाचं रक्त टिपत बसले होते.

सदाशिव पेठेतल्या घरमालकीणबाईंनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे करणारा इथे येणार असेल तर आधी सांगा. जिन्याला कुलूप घालते." त्या कोरड्या बोलण्यानं मला पहिल्यांदा रडू फुटलं.

लॅबमध्ये मी हिरव्या शेवाळावर काम करू लागले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाची स्वतःची जनुकं असतात. त्यातली बरीचशी फार पूर्वी तिथून निघून पेशीच्या केंद्रकात वसली. आमच्या शेवाळात तर एका जनुकाचे दोन तुकडे झाले, आणि दोन्ही केंद्रकात स्थिरावले. त्यांच्यापासून बनणारी प्रथिनं मात्र अजूनही मायटोकॉन्ड्रियात पोचतात आणि तिथलं काम चालू ठेवतात. हे तुकडे तिथे कसे टिकले, ते मी शोधत होते.

एका दुपारी दादा लॅबच्या दारात उभा राहिला. "घरी चल," म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानं टेबलावरचा लोखंडी स्टँड उचलला आणि फ्लास्कच्या रॅकवर घातला. एकेक फ्लास्क फोडताना तो तेवढंच म्हणत होता, घरी चल. हिरवं पाणी फरशीभर झालं. मी त्याला अडवायला गेले, तर फुटलेल्या काचेनं त्यानं माझा दंड कोपरापर्यंत चिरला. सहकाऱ्यांनी त्याला खाली दाबून धरलं, तेव्हा त्याच्या गालाला शेवाळ आणि माझं रक्त लागलेलं होतं.

मी तक्रार दिली. नातेवाइकांचे फोन सुरू झाले: एकुलता एक भाऊ आहे, आईचा तरी विचार कर. आई कोणालाही न सांगता एकटी पुण्याला आली. पोलीस चौकीत साहेबांनी याआधी असं काही घडलंय का, विचारलं. ती सावकाश म्हणाली, "माह्या पोरानं माहा हात मोडला. मी पडली म्हणून सांगतलं होतं." मग वडील गेल्यापासूनचं सगळं तिनं सांगितलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

दादाला शिक्षा झाली. त्या दिवशी आई जेवली नाही, मीही नाही.

नंतर मी तिला लॅब दाखवली. जनुकाची गोष्ट तिनं नीट ऐकून घेतली आणि विचारलं, "कोणी मारलं होतं का त्याले?" ते का निघालं, हे नक्की कोणालाच ठाऊक नाही, असं मी म्हटलं. तिनं एक फ्लास्क उचलून उजेडात धरला.

आता आम्ही दोघी कात्रजला राहतो. गावाकडच्या मावश्यांनो, तुम्ही आईला फोनवर अजून विचारता, बाई, घरी कधी येशील? परवा आई भाजी निवडत होती. फोन कानाशी धरून ती शांतपणे म्हणाली, "मी घरीच तं आहो."