सलीमभाईची आठ अक्षरं

मंडळी, आज दुपारी थेरगावात बसून मी स्पॅनिश कवितेच्या छंदाचं कोडं सोडवलं. हसू नका!

नात सई कॉलेजात स्पॅनिश शिकते. तिच्या बाईंनी रचलेल्या कवितेची पहिली ओळ अशी: "ला लुना एस्ता एन मी वेंताना." म्हणजे, चंद्र माझ्या खिडकीत आहे. बाई म्हणतात, ओळ आठ अक्षरांची. मी बोटांवर मोजली, तर अकरा भरली.

"बाईच चुकल्या," मी ठणकावलं.

"आजोबा, मोजू नका, म्हणून बघा."

मांडीवर ठेका धरला आणि सत्तरच्या दशकातला आमच्या कंपनीचा गणपती आठवला. गाणी आम्ही अष्टाक्षरीत रचायचो. अक्षरं जास्त झाली, की आमचा मेकॅनिक सलीमभाई गाताना शेजारचे स्वर एकमेकांत मिसळून टाकायचा. वर विचारायचा, "ताल सुटला का राव? न्हाई ना? मग!"

ती ओळ तशीच म्हटली. ला, लु, नाएस्, ताएन्, मी, वें, ता, ना. बरोब्बर आठ!

सई म्हणाली, "स्पॅनिशमध्ये हा नियमच आहे. आपल्याकडे याला काय म्हणायचं?"

"लिही, सलीमभाई."

तिनं खरंच लिहिलं. तुमच्या कंपनीतल्या कुणाचं नाव असं कॉलेजच्या वहीत जायला हवं?